घराची शांतता आणि बांधकामातील काटकसर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत आपण साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवरील विद्वत्तापूर्ण भाषणे ऐकलीत. त्यानंतर आम्ही विटा, सिमेंट आणि भिंतींविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही अभियंता नव्हे. कलाशाखेची पदवी आणि सरकारी फायलींचा तीस वर्षांचा सहवास, एवढेच आमचे भांडवल. परंतु मंडळाच्या वास्तूच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आज आपणांपुढे आहे आणि बांधकाम समितीत आम्हांस बसवून आपणच आमच्यामागे हा अभ्यास लावला आहे.

प्रस्ताव आपणांस ठाऊक आहे. तळमजल्यावर सभागृह आणि वरच्या दोन मजल्यांवर खोल्या. या खोल्यांत स्पर्धा परीक्षांसाठी दिल्लीत येणारे विद्यार्थी राहतील, तसेच येथील मोठ्या रुग्णालयांत उपचारांसाठी गावाकडून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग राहतील. हेतू उत्तमच आहे. तथापि खाली गणेशोत्सवाची आरती, नाटकाची तालीम आणि लेझीम चाललेली असेल, तेव्हा वर कोणी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोपेची आराधना करीत पडलेला असेल. या दोघांमध्ये काय असावे आणि ते कमीत कमी सिमेंट, कोळसा व पैसा खर्चून कसे साधावे, हाच आजचा विषय.

प्रथम एक घरगुती अनुभव सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आमचे तीर्थरूप हृदयविकाराच्या झटक्यानंतर साताऱ्याहून आमच्याकडे विश्रांतीसाठी आले होते. रोज रात्री दोनच्या सुमारास वरच्या घरातून ठक-ठक असा आवाज सुरू होई आणि त्यांची झोप मोडे. आम्ही आठवडाभर सोसले आणि मग कार्यालयीन इंग्रजीत एक कडक तक्रारपत्र तयार केले. ते खिशात घालून वर गेलो, तो एका वृद्ध माताजींनी दार उघडले. हातात लोखंडी वॉकर. त्याच्या चारही पायांची रबरी टोपणे झिजून गेली होती. मुलगा रात्रपाळीला असल्यामुळे रात्री न्हाणीघरापर्यंत त्यांना एकटीनेच जावे लागे. पत्र खिशातच राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून चार रबरी टोपणे आणि काथ्याची एक लांब चटई आणून दिली. आवाज थांबला. त्यानंतर चार दिवसांनी तीर्थरूपांनी सकाळीच विचारले, "वरची ठक-ठक ऐकू येत नाही रे. त्या बाई बऱ्या आहेत ना? विचारून ये."

त्या चार टोपणांत या शास्त्राचा पहिला धडा होता, हे आम्हांस पुष्कळ उशिरा समजले. इमारतीतला आवाज दोन प्रकारांनी प्रवास करतो. बोलणे, गाणे, रेडिओ हा हवेतून जाणारा ध्वनी. तो भिंतीवर आदळतो, भिंत अत्यंत सूक्ष्म प्रमाणात थरथरते आणि पलीकडच्या हवेला हलविते. पावलांचा, मुसळीचा किंवा ओढलेल्या खुर्चीचा तो आघाताचा ध्वनी. तो थेट काँक्रीटमध्ये शिरतो आणि सांगाड्यातून दूरदूर पोहोचतो. पहिल्याला जड भिंत अडविते. दुसऱ्याला नुसते वजन पुरत नाही. आघात जेथे होतो तेथेच काहीतरी मऊ घालावे लागते. सहा इंचांचा स्लॅब बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवितो, पण वॉकरच्या लोखंडी पायाची ठोकर तो खाली निर्वेधपणे पोहोचवितो, याचे कारण हेच.

आता मोजमापाविषयी. आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नव्हे. १० डेसिबेलने आवाज वाढला म्हणजे ध्वनीची ऊर्जा १० पट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट वाटतो. भिंतीची परीक्षा घेताना प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या दोन खोल्यांमध्ये ती भिंत बांधतात, एका खोलीत ठराविक आवाज करतात आणि दुसरीत किती पोहोचला ते निरनिराळ्या पट्ट्यांच्या स्वरांसाठी मोजतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबेल आवाज अडविते, तर साडेचार इंची भिंत सुमारे ४५. पलीकडचे मोठ्याने बोलणे ५० डेसिबेलच्या भिंतीतून अस्पष्ट कुजबुजीसारखे येते.

यामागचा नियम सोपा आहे. भिंतीचे वजन दुप्पट केले, की तिची आवाज अडविण्याची शक्ती पाच ते सहा डेसिबेलने वाढते. पण येथेच खर्चाची मेख आहे. पाच डेसिबेल मिळविण्यासाठी भिंत दुप्पट करावी लागली, तर पुढच्या पाचांसाठी चौपट करावी लागेल. नुसत्या जाडीने शांतता विकत घ्यावयाची म्हटले, तर ती फार महाग पडते.

ही महागाई केवळ रुपयांची नाही. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली, की ४४ किलो कर्बद्विप्राणिल वायू दगडातूनच बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. जगातील एकूण कर्बवायूपैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंट उद्योगाचा असतो. लाल वीट म्हणजे शेतातली वरची कसदार माती आणि कोळसा. दिल्लीत हिवाळा काढलेल्या माणसाला धुराविषयी अधिक सांगावयास नको.

म्हणून बांधकामाच्या संशोधकांनी हलक्या सामग्रीचा मार्ग धरला. आज सर्वत्र दिसणारे पांढुरके सच्छिद्र एएसी ठोकळे त्यांपैकीच होत. ते उष्णता अडवितात, त्यांत औष्णिक केंद्रांची राख वापरता येते आणि इमारतीचे वजन घटल्यामुळे सांगाड्यातील लोखंड व काँक्रीट वाचते. शिवाय भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात बसतो, तेव्हा दिल्लीसारख्या शहरात हलकेपणाला आणखी एक अर्थ आहे. परंतु हिशेब पाहा. एक चौरस मीटर नऊ इंची विटांची भिंत गिलाव्यासह चारशे किलोंहून अधिक भरते, तर आठ इंची एएसी भिंत पावणेदोनशेच्या आतबाहेर. म्हणजे वजनाच्या नियमाने सहा ते आठ डेसिबेल शांतता आपण गमावली. घर काटकसरीचे झाले, पण शेजाऱ्याचे बोलणे अधिक ऐकू येऊ लागले. नव्या सदनिकांत राहावयास गेलेली मंडळी "जुन्या क्वार्टरमध्ये एवढे ऐकू येत नसे" असे म्हणतात, तेव्हा ते केवळ गतकाळाचे कौतुक नसते.

मग काटकसर आणि शांतता यांचे वैरच आहे काय? आमच्या अल्पमतीनुसार नाही. आमचे सारे सांगणे एका वाक्यात असे : वजन सर्वत्र उधळू नये, जेथे दोन निरनिराळ्या जीवनक्रमांची गाठ पडते तेथेच ते खर्च करावे.

यातली पहिली पायरी नकाशाची, आणि तिला सिमेंटचे एक पोतेही लागत नाही. लिफ्ट, जिना आणि पाण्याचा पंप झोपण्याच्या खोलीला लागून ठेवू नयेत. न्हाणीघर न्हाणीघराला व स्वयंपाकघर स्वयंपाकघराला पाठ लावून असावे. एकाच भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर विजेच्या बटणांच्या पेट्या खोदू नयेत, कारण तेथे भिंत नावापुरतीच उरते. आपल्या प्रस्तावात रंगमंच नेमका रुग्णांच्या खोल्यांखाली आला आहे. तो दुसऱ्या टोकाला न्यावा आणि त्याच्यावर भांडारगृह व वाचनालय ठेवावे. कागदावरची रेघ पुसण्यास आज काहीही खर्च येत नाही.

दुसरी पायरी फटींची. हा हिशेब आम्हांस स्वतःला चकित करून गेला. १० चौरस मीटरची, ५० डेसिबेल अडविणारी उत्तम भिंत घ्या. तिच्यात एक मीटर रुंदीचे तितकेच भक्कम दार बसवा आणि दाराखाली एक सेंटिमीटरची फट सोडा. ही फट भिंतीच्या एक सहस्रांश भागाइतकी. तेवढ्याने ५० ची भिंत ३० डेसिबेलच्या जवळ येऊन ठेपते. हजारो विटांचे मोल त्या बोटभर फटीतून वाहून जाते. दारांना रबरी पट्टी, नळांभोवतीच्या भोकांत भरणी आणि भिंतीचा माथा वरच्या स्लॅबपर्यंत नेऊन केलेली पक्की दर्जबंदी, ही सर्वांत स्वस्त शांतता होय.

तिसरी पायरी पोकळीची. एका जाड भिंतीऐवजी मधे हवा ठेवून दोन पातळ भिंती उभारल्या आणि त्या एकमेकींना घट्ट जोडल्या नाहीत, तर त्याच वजनात अधिक आवाज अडतो. पोकळीत खनिज तंतूंची गादी भरली, तर आणखी चांगले. येथे लॉरी बेकर यांचे स्मरण होते. १९१७ साली इंग्लंडात जन्मलेल्या आणि १९४५ साली भारतात आलेल्या या वास्तुविशारदाने केरळात रॅट-ट्रॅप बाँडची रीत रूढ केली. विटा उभ्या कडेवर रचून नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी ठेवावयाची. सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि घर थंड राहते. आवाजाच्या बाबतीत मात्र तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. आडव्या विटा दोन्ही बाजूंना जोडतात आणि त्या पुलांवरून ध्वनी पलीकडे जातो. म्हणून ती बाहेरच्या भिंतींना शोभते, दोन खोल्यांमधल्या भिंतीला नव्हे.

चौथी पायरी फरशीची. स्लॅबवर रबराचा किंवा तंतूंचा लवचिक थर अंथरून त्यावर फरशी घालतात. या फरशीची कड भिंतीला कोठेही टेकता कामा नये, अन्यथा आघात तेथून निसटतो. हा थर जुन्या टायरांच्या रबरापासूनही तयार होतो. माताजींच्या वॉकरची चार टोपणे आपण जणू साऱ्या मजल्याखाली घालीत आहोत, असे समजावे.

एका गैरसमजाचेही निराकरण केले पाहिजे. सभागृहाच्या भिंतींना फोम लावला, की आवाज बाहेर जाणार नाही, असे काही सभासदांनी सुचविले आहे. फोम आवाज शोषतो, अडवीत नाही. हा शोषणाचा अभ्यास वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकाने १८९५ पासून केला. हार्वर्ड विद्यापीठातील एका सभागृहात शब्द घुमत असत. सॅबिन रात्री शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या तेथे नेऊन मांडीत, ऑर्गनची नळी वाजवीत आणि ध्वनी विरण्यास किती वेळ लागतो ते मोजीत. त्या गाद्यांनी सभागृहातील घुमारा कमी झाला. शेजाऱ्याला शांतता द्यावयाची तर मात्र वजन आणि बंद फटीच हव्यात. शिवाय साधा फोम आगीला आमंत्रण देतो, हे वेगळेच.

या सर्वांचे नियम आपल्या देशात लिहिलेले आहेत. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. रुडकीची केंद्रीय भवन अनुसंधान संस्था १९४७ पासून बांधकामाचे संशोधन करीत आहे. ज्ञान आहे, नियम आहेत. उणीव असते ती निविदेच्या कागदात ते उतरविण्याची.

म्हणून समितीपुढे आम्ही तीन सूचना ठेवल्या आहेत. निविदेत खोल्यांमधील भिंती व फरशी यांनी किती आवाज अडविला पाहिजे, तो आकडा लिहावा आणि शेवटचे देयक प्रत्यक्ष मोजणीनंतरच द्यावे. बाहेरच्या भिंती हलक्या असाव्यात. खोल्यांमधल्या भिंती जड असाव्यात आणि या जादा वजनाचा हिशेब अभियंत्याकडून भूकंपाच्या दृष्टीने तपासून घ्यावा.

तिसरी सूचना विटांची. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून पाडकामाच्या राडारोड्यावर प्रक्रिया करून तो पुन्हा वापरण्याजोगा करतात. आपला राडारोडा तेथे जावा, पण विटा जाऊ नयेत. आपल्या जुन्या वास्तूच्या विटा कसदार आहेत. पन्नास वर्षांपूर्वी दहा-दहा रुपयांच्या वर्गणीतून त्या घेतल्या गेल्या, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्यांच्यासाठी जाळावयाचा कोळसा तेव्हाच जळून गेला आहे. त्या साफ करून, त्यांची ताकद आणि क्षार तपासून रुग्णांच्या खोल्यांमधील भिंतींना वापराव्यात. जेथे वजन हवे आहे तेथे ते आपल्याजवळ आयते आहे.

गाव सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना शेजारी हाच गोतावळा असतो, मग त्याची भाषा कोणतीही असो. या वास्तूत पहिला रुग्ण मुक्कामाला येईल आणि खाली आरती चाललेली असेल, तेव्हा दोघांनाही एकमेकांची तक्रार लिहावी लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.