युद्धनौकेचे हृदय कोणाचे?

(खामगाव, जि. बुलढाणा येथे एका निवृत्त नौसैनिकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘नौदलाचे आधुनिकीकरण’ हा विषय दिला, तेव्हा येथील एका जुन्या स्नेह्यांनी थट्टेने विचारले, “अहो, खामगावला समुद्र कोठून आणणार?” प्रश्न थट्टेचा असला तरी चुकीचा नाही. आपल्या जिल्ह्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. येथील माणूस समुद्र पाहतो तो मुंबईला गेल्यावर, चौपाटीवर, भेळ खाताना.

पण समुद्र मात्र रोज आपल्या घरी येतो. या सभागृहात बसलेल्या भगिनी ज्या तेलात भाजी फोडणीला टाकतात, त्यातील मोठा वाटा इंडोनेशिया आणि मलेशियाच्या पामतेलाचा आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल जहाजाने येते आणि ते किती, कोणत्या भावाने आले, यावर आपल्या सोयाबीनचा भाव हलतो. शेतात टाकायचा पोटॅशही जवळजवळ सगळा बाहेरून येतो. 2023 च्या अखेरीस येमेनमधील हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडे आणि विमा दोन्ही चढले. सुएझचा रस्ता बंद झाल्याची झळ मेहकरच्या कृषी सेवा केंद्रापर्यंत पोहोचायला फार दिवस लागत नाहीत.

आणखी एक नाते सांगतो. मी जळगाव जामोदकडचा. लहानपणी घराच्या धाब्यावरून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसे. त्या डोंगराच्या नावाची युद्धनौका भारतीय नौदलात आहे. नौदलाच्या कागदोपत्री तिचे नाव ‘सातपुरा’ असे लिहितात, पण माझ्या तोंडून ‘सातपुडा’च निघते. मुंबईच्या माझगाव गोदीत ती बांधली गेली आणि 20 ऑगस्ट 2011 रोजी नौदलात दाखल झाली. 2016 च्या मे महिन्यात ती व्हिएतनामच्या कॅम रान्ह बंदरात गेली होती. 2022 मध्ये हवाईजवळ झालेल्या बहुराष्ट्रीय सरावात तिने भाग घेतला. आपल्या डोंगराचे नाव प्रशांत महासागरापर्यंत गेले, आणि आपल्याच जिल्ह्यात ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

ही ‘सातपुडा’ म्हणजे फ्रिगेट. या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही, म्हणून मी फ्रिगेटच म्हणतो. विनाशिकेहून लहान, कॉर्व्हेटहून मोठी, अशी ही मधली नौका. ताफ्याला आणि व्यापारी जहाजांना संरक्षण देणे, पाण्याखालची पाणबुडी हुडकणे, आकाशातून येणारे क्षेपणास्त्र पाडणे, ही तिची कामे. शेतात बैलाला जसे सगळेच ओढावे लागते, तशी ही नौदलाची नौका.

आता थोडे पूर्वेकडे पाहू. चीनचे दडपण दक्षिण चीन समुद्रात वाढले, तसतशी तेथील लहान राष्ट्रे जागी झाली. फिलिपाइन्सचे उदाहरण घ्या. सात हजारांहून अधिक बेटांचा हा देश. पण त्याच्या नौदलात दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी बनावटीची एक नौका 2018 पर्यंत काम करीत होती. 2012 मध्ये स्कारबरो या प्रवाळ-खडकावरून चीनशी वाद पेटला, तेव्हा फिलिपाइन्सने पाठविलेली नौका अमेरिकी तटरक्षक दलाने वापरून काढलेली होती. त्या खडकावर आज चीनचा ताबा आहे. पुढे फिलिपाइन्सने दक्षिण कोरियाकडून दोन नव्या फ्रिगेट विकत घेतल्या. ‘होसे रिझाल’ 2020 मध्ये आणि ‘अंतोनियो लुना’ 2021 मध्ये दाखल झाली. 2022 मध्ये त्याने भारताशी ब्रह्मोस क्षेपणास्त्रांचा करार केला आणि एप्रिल 2024 मध्ये पहिली खेप तेथे पोहोचली. आपल्याकडून कोणी शस्त्र मागून नेले, हे ऐकायला माझ्या पिढीचे कान तरसले होते.

मलेशियाने दुसरा मार्ग धरला. विकत घ्यायच्या नाहीत, आपल्याच गोदीत बांधायच्या, असे ठरवून 2011 मध्ये फ्रेंच आराखड्यावर सहा नौकांचे काम दिले. खर्च सुमारे नऊ अब्ज रिंगिट. पहिली नौका 2019 मध्ये मिळायची होती. 2022 मध्ये त्यांच्या संसदेच्या लोकलेखा समितीने अहवाल दिला, तेव्हा सहा अब्ज रिंगिट देऊन झाले होते आणि एकही नौका हाती आली नव्हती. पुढे सहाच्या पाच कराव्या लागल्या. ‘स्वदेशी’ हा शब्द उच्चारल्याने गोदी तयार होत नाही. वेल्डर तयार व्हावा लागतो, आराखडा काढणारा तयार व्हावा लागतो, आणि हिशेब तपासणाराही जागा राहावा लागतो.

आपण हे कसे शिकलो? माझगाव गोदी सरकारने 1960 मध्ये ताब्यात घेतली. 1966 मध्ये तेथे ‘निलगिरी’चा कणा ठेवला गेला आणि 3 जून 1972 रोजी ती नौदलात आली. आराखडा ब्रिटिशांचा, यंत्रे बरीचशी बाहेरची; तरी देशात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ती. पाठोपाठ आणखी पाच आल्या. मग ‘गोदावरी’. 1983 मध्ये ती आली, तेव्हा सांगाडा आपल्या अभियंत्यांनी आखलेला होता आणि त्यात पाश्चात्त्य, सोव्हिएत व भारतीय अशी तिन्ही ठिकाणची सामग्री एकत्र नांदत होती. परदेशी तज्ज्ञ अशा मिश्रणाला नाक मुरडत. पण ती नौका तीस वर्षांहून अधिक काळ चालली.

मध्ये एक दुःखद पान आहे, ते ओलांडून पुढे जाता येत नाही. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर ‘खुकरी’ या आपल्या फ्रिगेटवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने पाणतीर सोडला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. हे आपण शाळेत सांगतो आणि सांगायलाही हवे. पण त्यामागचे तांत्रिक सत्य सहसा सांगत नाही. खुकरी ब्रिटिश बनावटीची होती आणि पाणबुडीचा कानोसा घेणारी तिची सोनार यंत्रणा पाणबुडीपुढे तोकडी पडली. शिकारी म्हणून गेलेली नौका शिकार झाली. त्यानंतर नौदलातील एक तरुण अधिकारी, आरोग्यस्वामी पॉलराज, सोनारच्या मागे लागले. कोचीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ ही भारतीय सोनार तयार झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ‘हिमगिरी’वर बसली. नौकेला स्वतःचा कान मिळाला, तो 194 जणांच्या मृत्यूनंतर. त्याच खुकरीसोबत त्या रात्री ‘किरपाण’ ही नौका होती. तिचे नाव पुढे भारतात बांधलेल्या एका कॉर्व्हेटला दिले गेले, आणि ती नवी किरपाण 2023 च्या जुलैमध्ये भारताने व्हिएतनामला भेट दिली. कॅम रान्ह येथेच तो समारंभ झाला.

पोलादाची कथाही अशीच. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी लागणारे पोलाद रशियाकडून मिळण्यात अडचण आली, तेव्हा हैदराबादच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि ‘सेल’ने मिळून युद्धनौकेच्या दर्जाचे पोलाद देशातच तयार केले. तेच पोलाद नव्या फ्रिगेटच्या अंगाला लागले आहे. 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईत नवी ‘निलगिरी’ दाखल झाली. जुनी निलगिरी सुमारे तीन हजार टनांची, ही सहा हजार सहाशेहून अधिक टनांची. लांबी 149 मीटर. त्याच वर्षी 26 ऑगस्टला विशाखापट्टणमला ‘उदयगिरी’ आणि ‘हिमगिरी’ एकाच दिवशी आल्या. पहिली माझगावची, दुसरी कोलकात्याची. दोन गोद्यांतील दोन मोठ्या नौका एकाच दिवशी नौदलात येण्याची ती पहिलीच वेळ. या मालिकेतील नौका 75 टक्के स्वदेशी आहेत, असे सरकार सांगते, आणि ते खरे आहे.

मी मात्र इंजिनखोलीतला माणूस. माझे डोळे उरलेल्या 25 टक्क्यांकडे जातात.

नव्या निलगिरीत दोन प्रकारची यंत्रे आहेत. संथ गस्तीसाठी डिझेल इंजिन आणि वेग घ्यायचा तेव्हा गॅस टर्बाइन. हे टर्बाइन म्हणजे विमानाच्या इंजिनाचाच सागरी भाऊ. ते अमेरिकी कंपनीचे आहे. बंगळुरूला ‘हाल’ त्याची जुळणी करते. डिझेल इंजिनाचे मूळही युरोपातले. याचा अर्थ काय, हे समजण्यासाठी ‘तुशील’ आणि ‘तमाल’ या नौकांची गोष्ट ऐका. या दोन फ्रिगेटचे सांगाडे रशियात कालिनिनग्रादच्या गोदीत तयार होऊन पडले होते. त्यांना लागणारी टर्बाइन मिकोलायिव्हची, म्हणजे युक्रेनची. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला आणि युक्रेनने रशियाला इंजिने देणे थांबविले. रशियासारखी महासत्ता, पण इंजिनाविना हात बांधून बसली! शेवटी आपण युक्रेनकडून ती इंजिने विकत घेतली आणि रशियाला नेऊन दिली. त्यानंतर 2024 च्या डिसेंबरात तुशील आणि 2025 च्या जुलैत तमाल आपल्याला मिळाली.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे, पण सांगतो. नव्वदच्या दशकात मी लिअँडर वर्गातील एका फ्रिगेटवर होतो. बाष्पयंत्रावरची नौका, बॉयलरजवळ उभे राहिले की बुलढाण्याचा मे महिना थंड वाटावा. पंपाचा एक भाग निकामी झाला. परदेशी पुरवठादाराने कळविले की, तो भाग आता बनत नाही. हवा असेल तर खास बनवावा लागेल, किंमत इतकी, मुदत इतकी. आम्ही महिनोन्‌महिने धक्क्याला. अखेर गोदीतल्या एका वयस्क फिटरने जुना भाग समोर ठेवून तो लेथवर घडविला. नौका समुद्रात गेली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि ते गृहस्थ म्हणाले, “टाळ्या नंतर वाजवा, याचे ड्रॉइंग कोणी काढून ठेवतंय का ते आधी बघा.”

साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीही हेच घडले होते. आपल्या सिंदखेडराजाच्या लेकीच्या पुत्राने, छत्रपती शिवाजी महाराजांनी, कल्याण-भिवंडी घेतल्यावर तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू केली. हाताशी रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज आणि त्याचे तीनशेहून अधिक लोक होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना आतून फितविले आणि ते सारे काम टाकून पळून गेले. महाराजांचे आरमार त्यामुळे थांबले नाही. 1664 मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, गुराबा आणि गलबते पाण्यात उतरत राहिली.

टर्बाइनच्या बाबतीत आपण अगदीच स्वस्थ बसलो, असे नाही. विमानासाठी हाती घेतलेल्या कावेरी इंजिनाची सागरी आवृत्ती तयार झाली आणि विशाखापट्टणमला चाचणीमंचावर फिरली. युद्धनौकेत मात्र ती बसली नाही. तिची शक्ती मोठ्या फ्रिगेटला पुरणारी नव्हती, हे कारण खरे. पण लहान नौकेवर बसवून, चुका करत, पुढची सुधारून घ्यायला हवी होती, असे माझे मत आहे. सोनारच्या बाबतीत आपण तेच केले होते. टर्बाइनचे पाते शेकडो अंश तापमानात, मिठाच्या हवेत, वर्षानुवर्षे फिरते. ते बनवायला धातुशास्त्र लागते, अचूक यंत्रकाम लागते आणि वीस-पंचवीस वर्षांचा धीर लागतो. आपल्या जिल्ह्यातील मुले शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात, येथील आयटीआयमध्ये टर्नर-फिटर होतात. त्यांच्या पालकांना नौदल म्हणजे पांढरा गणवेश एवढेच ठाऊक असते. इंजिनखोली कोणी दाखवत नाही.

अध्यक्ष महोदयांनी वेळेची चिठ्ठी पाठविली आहे. येताना मी एका जुन्या पंपाचे दोन सुटे भाग बरोबर आणले आहेत. ते बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. मुलांनी हात लावून पाहायला हरकत नाही. हात काळे होतील, तेवढे घरच्यांनी चालवून घ्यावे.