आपल्या बग्गीचा रंग
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही नेमून दिलाय, आपली बग्गी. गोल्फच्या मैदानावर फिरते तीच ही बॅटरीवरची गाडी. आपल्यात गोल्फ कोणी खेळत नाही, पण ई विंगपासून गेटपर्यंतचा चढ गुडघेदुखीवाल्याला गोल्फच्या मैदानाएवढाच वाटतो.

गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत ती भंगारात काढायचा विषय आला होता. मोटर ठणठणीत, बॅटऱ्या नव्या. तक्रार एकच, रंगाचे पोपडे निघालेत, पाहुण्यांसमोर लाज वाटते. मी बँकेत जन्मभर घसारा लिहिला. पुस्तकात किंमत शून्य झाली म्हणून वस्तू चालायची थांबत नाही. आणि ही गाडी गेली असती तर चार-पाच घरांतली वडीलधारी मंडळी आठ-आठ दिवस खाली उतरली नसती. बाहेरून रंगवून घ्यायचा खर्च ऐकून सभेने मान हलवली, तेव्हा आम्ही चौघा निवृत्तांनी पार्किंगमध्येच काम काढलं.

पहिला प्रश्न, बॉडी कशाची आहे? बॉनेट उलटं करून पाहिलं तर आतून काचेचे धागे दिसले, म्हणजे फायबर. ते गंजत नाही आणि रंगही चांगला धरतं. बंपर आणि चाकांवरच्या पट्ट्या मात्र साध्या प्लॅस्टिकच्या. तशा प्लॅस्टिकवर खास प्रायमरशिवाय रंग टिकत नाही, नखाने सोलून निघतो. ते भाग काळेच ठेवले. कुणाला अर्धवट काम वाटलं असेल तर कारण हे आहे.

आधी मेन स्विच बंद करून बॅटरीच्या वायरी सोडल्या. चार्जिंग पूर्ण थांबवलं, कारण चार्ज होताना या बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, आणि थिनरच्या वाफा असतात तिथे ठिणगी नको. वॉचमनची विडीसुद्धा गेटबाहेर!

मग धुणं. भांड्याचा साबण आणि कोमट पाणी. घासण्याआधी धुवायचं, हा क्रम चुकवायचा नाही. आधी घासलं तर जुनं मेण नि तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि तिथेच रंग फाटतो. धुतल्यावर पाणी सपाट पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर पुन्हा साबण.

खरं काम पुढे, घासायचं. चिरा नि खड्डे लांबीने भरले. हार्डनर घातला की ही लांबी काही मिनिटांत दगड होते, म्हणून लिंबाएवढीच कालवायची. त्यावर १८० नंबरचा कागद, मग सगळीकडे ३२०, प्रायमरनंतर ६०० चा वॉटर पेपर, पाणी मारत. फायबरची धूळ अंगाला खाजते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, मास्क. सात दिवस घासत होतो. येणारे-जाणारे रोज विचारायचे, “काका, रंग कधी?” मी म्हणायचो, बँकेत घसारा लिहायचो, आता हाताने काढतोय.

रंगावरून मात्र आमच्यात चांगलाच वाद झाला. एका तरुण सभासदाचं म्हणणं, दोन डब्यांचा पीयू मारा, शोरूमसारखा चकाकेल. चकाकतो, खोटं नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोडंसंही सहन होत नाही. साधा मास्क त्याला अडवत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. वर माणसं राहतात, पहिल्या मजल्यावर एक दम्याचं पोर आहे. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि साधा एनॅमल घेतला. चकाकी थोडी कमी, वाळायला वेळ जास्त. त्याच्याही वाफा असतातच, म्हणून गाडी मोकळ्या अंगणात ढकलत नेली आणि वरच्या घरांना खिडक्या लावायला सांगितल्या. फवारणाऱ्याच्या तोंडावर कार्बनच्या डब्यांचा मास्क होता.

दिवाळीनंतरची कोरडी हवा बघून, जमिनीवर पाणी शिंपडून, कंप्रेसर भाड्याने आणला. गन वीतभर अंतरावर, हात सरळ रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. एका जागी हात रेंगाळला की ओघळ आलाच. पातळ तीन हात दिले, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ सोडून. सकाळीच उरकलं, संध्याकाळी ओल्या रंगावर डास येऊन बसतात! क्रीम रंग का? रात्री गेटपाशी लांबून दिसतो आणि उन्हात कमी तापतो. मरून रंगाची मागणी करणाऱ्या भगिनी नाराज आहेत, त्यांच्यासाठी सीटची कव्हरं मरून शिवली.

आता थोडं तुमच्याकडे. महिनाभर बग्गी फक्त साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायची. मुलांनी स्टिकर चिकटवू नयेत, आणि मंडळींनीही गणपतीच्या पावत्यांची जाहिरात. उरलेला रंग ऑफिसच्या कपाटात आहे, डब्यावर रंगाचा नंबर नि तारीख लिहिली आहे, झाकण गच्च ठेवा. ओरखडा दिसला तर लगेच सांगा, छोटा असेल तोवर तासाभराचं काम असतं.

किल्ली वॉचमनकडे आहे. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, इंटरकॉमवर सांगितलं की गाडी लिफ्टपाशी येईल.