रेडा, ढग आणि वामन



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचे नाव पत्रिकेवर घातले तेव्हा निलंग्यातल्या काही मित्रांना हसू आले. हमालांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या मोर्चात घोषणा देणारा माणूस विज्ञानकथेवर काय बोलणार, असे त्यांना वाटले असावे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या कृपेने. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र आम्ही मागून घेतला आहे. माणसाहून वेगळा असा बुद्धिमान जीव असला, तर त्याला हे जग आणि आपण कसे दिसू, याची कल्पना करणाऱ्या कथा, हा तो विषय.

आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न अगदीच नवा नाही. पैठणच्या ब्रह्मसभेत ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. लहानपणी आम्हांला एक शंका आली आणि ती बोलून दाखविल्याबद्दल चापटही मिळाली. रेडा बोलला ते माणसांचे वेद बोलला. वाचा फुटलीच होती, तर त्याने स्वतःचे दोन शब्द का बोलू नयेत? पाठीवरची पखाल, चैत्रातले ऊन, धन्याचा आसूड, यांविषयी त्याचे काही म्हणणे असणारच की! पुढे वय वाढल्यावर लक्षात आले की त्याच कथेत एक जागा आहे, जी आपण घाईने ओलांडतो. आसूड रेड्याच्या पाठीवर ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. रेड्याची बाजू कोणी घेतली असेल तर ती तेथे.

परदेशात या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातील एकच सांगतो, कारण त्याचा धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. फ्रेड हॉइल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. अवकाशातून एक प्रचंड काळा ढग येतो आणि सूर्याचा प्रकाश अडवितो. पृथ्वीवर हाहाकार होतो. शास्त्रज्ञ शोध घेतात तो ढगच जिवंत आणि विचार करणारा निघतो. त्याच्याशी बोलणे सुरू झाल्यावर ढगाला नवल वाटते ते याचे की, ग्रहासारख्या टणक गोळ्याच्या पाठीवर बुद्धी उपजूच कशी शकते! आम्ही हे वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ अंगणात बसून राहिलो. आजवर आपण ढगाकडे पाऊस पडेल का म्हणून पाहिले. ढग आपल्याकडे पाहतो हे कधी मनात आले नव्हते. पुढे ढगाचे ज्ञान आपल्या डोक्यात उतरवून घेण्याचा प्रयत्न होतो, पण माणसाचा मेंदू ते पेलू शकत नाही आणि जीव जातो.

या हॉइलसाहेबांचे केंब्रिजमधील शिष्य म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले आपले जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी केली, म्हणजे मोठ्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नामवंत माणूस रांगेत सर्वांमागे उभा राहतो, हे आम्हां चळवळीतल्या लोकांना फार भावते. २० मे २०२५ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा आमच्या युनियनच्या फळ्यावर आम्ही दोन ओळी लिहिल्या होत्या.

त्यांची ‘वामन परत न आला’ ही १९८६ सालची कादंबरी आम्ही तीनदा वाचली आहे. जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. ती एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेली असते. तिच्यातील ज्ञानावरून शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवितात, तो वामन. तो हुशार निघतो, आणि मग त्याला आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची शक्ती हवीशी होते. ती जुनी संस्कृती नेमकी याच पायी बुडाली असते. वामनाला तिसरे पाऊल ठेवू द्यावे की नाही, हा खरा पेच.

येथे आम्हांला दुसरे एक पुस्तक आठवते. १९२१ साली प्राग शहरात कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक रंगभूमीवर आले, आणि ‘रोबो’ म्हणून आपण जो शब्द वापरतो तो त्या नाटकाने जगाला दिला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करावयाचे फुकट काम. आपल्याकडे याला शब्द शोधावा लागत नाही. वेठ! निजामी अमलात आमच्या आजोबांनी अंमलदाराचे सामान डोक्यावर वाहिले ती वेठ. १७ सप्टेंबर १९४८ नंतरही बरीच वर्षे ते पायात वहाण असली तर चावडीपुढून जाताना ती हातात घेत. शरीराला लागलेले वळण होते ते. चापेकच्या नाटकात यंत्रमानव बंड करतात आणि माणसे मारून टाकतात; एकाच माणसाला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखा हातांनी काम करतो. आणि त्यांनाही पुढे हवे असते तेच, आपल्यासारखे आणखी निर्माण करण्याचे गुपित. ते जळून गेलेले असते.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या तळावर, कोपीपुढे शेकोटी करून, आम्ही वामनाची गोष्ट ऊसतोड मंडळींना सांगितली. शास्त्रज्ञांची भीती सांगितली, जुन्या संस्कृतीचा नाश सांगितला. एका बाईने मध्येच विचारले, “त्या वामनानं उचल घेतली व्हती का?” आम्ही म्हणालो, नाही. “मंग त्यो ऱ्हायला कशाला तिथं?” आम्हांला उत्तर देता आले नाही. बाईंच्या अंगावर त्या हंगामाची उचल होती, फिटल्यावाचून तळ सोडण्याची सोय नव्हती.

नारळीकरांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, आमची तक्रार येथेच आहे. वामनाची कथा वामनाला घडविणाऱ्यांच्या खिडकीतून दिसते. तो धोकादायक आहे हे कळते. त्याला काय वाटते हे फारसे कळत नाही. मालकाने लिहिलेल्या संपाच्या अहवालाची आम्हांला सवय आहे, म्हणून कदाचित हे लवकर खुपले.

पण भीती खोटी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. ऊस तोडण्याचे यंत्र पहिल्यांदा एका फडात उतरले, त्या दिवशी पोरांनी दगड उचलले होते. आम्ही आडवे झालो. यंत्रावर बसलेला चालक घामाने निथळत होता. तोही कुणाच्या तरी कर्जात होता. कोयता घेतलेल्यांना त्या यंत्राविषयी काय वाटते ते आम्ही त्या रात्री ऐकले. चालकाशी बोलायला मात्र कोणी गेले नाही, आम्हीसुद्धा नाही.

वाचनालयातील ‘वामन परत न आला’ची प्रत दोन महिन्यांपासून आमच्याकडे आहे, आणि ग्रंथपाल समोर दुसऱ्या रांगेत बसले आहेत. ती उद्या सकाळी जमा करतो. ज्यांना हवी असेल त्यांनी नंबर लावावा.