रद्दीत गेलेल्या कुस्त्या



तुम्ही मला अध्यक्ष म्हणून बोलावलंत. मात्र एक गोष्ट आधीच कबूल करतो. जिल्हा दैनिकात इतकी वर्षं काढली, पण माझ्या नावावर एकही पुस्तक नाही. माझं बहुतेक लिखाण दुसऱ्या दिवशी भज्यांखाली गेलं. त्यामुळे ‘क्रीडा पत्रकाराचं निवडक लेखन’ हा विषय तुम्ही दिलात तेव्हा मला हसूच आलं. निवडायला आधी शिल्लक तर पाहिजे!

तरी बोलतो, कारण आपण लातुरात बसलो आहोत. मुंबई-पुण्याच्या पेपरांत लातूर कशासाठी येतं? १९९३ चा भूकंप, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे, आणि दरवर्षी निकालाच्या दिवशी ‘लातूर पॅटर्न’. या गावात १९६९ साली महाराष्ट्र केसरीचा फड भरला होता आणि निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी गदा खांद्यावर घेतली होती, हे सांगितलं की आजची पोरं ‘हो का?’ म्हणतात. बिराजदार पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, आणि पैलवान सत्पालला त्यांनी बेळगावात पाडलं ती कुस्ती अजून पारापारांवर लढली जाते. लढली जाते असंच म्हणतो, कारण दरवेळी डाव बदलतो. एक म्हातारा सांगतो अमुक डाव, दुसरा म्हणतो छे, तू होतास कुठे? खडाखडी किती वेळ चालली, वस्ताद काठावरून काय ओरडले, हलगी कधी थांबली, हे सगळं कुणीतरी त्या रात्री लिहिलं असेल. ते पिवळ्या फायलींत पडून असेल, वाळवीने ठेवलं असेल तर.

निकाल माहीत असलेली लढत माणूस पुन्हा का वाचतो, हा खरा प्रश्न. बातमी म्हणून तिची किंमत दुपारपर्यंतच. अमेरिकेत लीबलिंग नावाचा पत्रकार न्यूयॉर्करमध्ये मुष्टियुद्धावर लिहायचा. त्या लेखांचं पुस्तक १९५६ साली निघालं. त्यातले कित्येक मुष्टियोद्धे आज त्यांच्याच देशात कुणाला आठवत नाहीत, पुस्तक मात्र वाचलं जातं. कारण लीबलिंग रिंगणाबाहेरही बघायचा. सरावाची जागा, शेजारच्या खुर्चीवरचा बडबड्या प्रेक्षक, कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा असलेला म्हातारा प्रशिक्षक, सगळं त्याला दिसायचं. आपल्याकडे शिरीष कणेकरांचं ‘क्रिकेटवेध’ उघडा. सामना विसरला जातो, पण आपल्या लाडक्या खेळाडूसाठी कासावीस होणारा प्रेक्षक विसरता येत नाही, आणि तो प्रेक्षक म्हणजे स्वतः कणेकर. द्वारकानाथ संझगिरी महापालिकेत अभियंता होते, पण क्रिकेटवर लिहायला बसले की शेजारच्या कट्ट्यावर बसून बोलल्यासारखे लिहायचे. मला दोघेही आवडतात. तक्रार एवढीच, की मराठीत खेळावरचं पुस्तक म्हटलं की हात आधी क्रिकेटकडे जातो.

वि. वि. करमरकर इथे वेगळे. महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी खेळाचं पान उभं केलं आणि कबड्डी-खोखोला त्यात हक्काची जागा दिली. मराठी दैनिकात खेळाला पान असतं हे आज कुणाला विशेष वाटत नाही, यातच त्यांचं काम आलं. मार्च २०२३ मध्ये ते गेले.

आता माझी गोष्ट. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा तुम्हाला मी सांगायला नको. मार्गशीर्षातली थंडी, घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे तंबू, आणि तिकडे कुस्त्यांची दंगल. पहिल्यांदा गेलो तेव्हा आखाड्याच्या कडेला वही घेऊन बसलो होतो. एक वस्ताद म्हणाले, “काय लिहायलास रे? डोळे तर वहीत आहेत.” मी वही मिटली. त्यानंतर मला पहिल्यांदा दिसलं की मल्ल हातात माती घेतो ती नुसती अंगाला चोळत नाही, आधी कपाळाला लावतो. दिसलं की बरोबरीत सुटलेल्या कुस्तीनंतर दोघे एकमेकांकडे बघत नाहीत, पंचाकडे बघतात. नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती ओळखायची तर प्रेक्षकांकडे बघायचं, हेही तिथेच कळलं. गडी हळू लागला की जुने शौकीन तंबाखू मळायला घेतात.

रात्री नांदेडला परतून चार पानं लिहिली. सकाळी छापून आल्या चार ओळी: विजेता, गाव, बक्षिसाची रक्कम आणि पाहुण्यांची नावं. पाहुण्यांची नावं मात्र सगळी होती. आदल्या संध्याकाळी एक जाहिरात आली होती, असं कळलं. उपसंपादकाला दोष देत नाही. पुढे त्या खुर्चीत बसल्यावर मीही तेच केलं.

नांदेडमध्येच दरवर्षी गुरु गोबिंदसिंगजींच्या नावाची हॉकी स्पर्धा होते. देशभरातले संघ येतात. आपण त्याचं काय लिहितो? तीन विरुद्ध एक. उद्घाटनाचा फोटो. बस्स.

या चार ओळींत खेळाची भाषाही मेली. घिस्सा, ढाक, मोळी, एकलांगी, लपेट हे शब्द पानावरून गेले आणि त्यांच्या जागी ‘अटीतटीच्या लढतीत मात केली’ आलं. कशी मात केली? मल्लाला विचारा, तो सांगेल. आपण विचारत नाही.

उलट बाजूचा धोकाही सांगतो. नेव्हिल कार्डस हे क्रिकेट लेखनातलं मोठं नाव. पण खेळाडूंच्या तोंडची काही वाक्यं त्यांनी स्वतःच रचली होती, हे आता जगजाहीर आहे. वाचायला बहारदार. तरी मला ते नको. मातीतला माणूस मुळातच इतका रंगतदार बोलतो, की रचायची गरज बहुधा आपल्या आळसाला असते.

२०१८ साली गोल्ड कोस्टला पाटोद्याच्या राहुल आवारेने राष्ट्रकुलचं सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना, बिराजदारांना अर्पण केलं. बातमी सगळ्यांनी छापली. रामलिंग मुदगड ते पाटोदा, मध्ये पुण्याची तालीम आणि काका पवारांसारखा लातूर जिल्ह्यातलाच वस्ताद, ही रेघ ओढणारा लेख मराठवाड्यातूनच यायला हवा होता. तो मी लिहिला नाही. निवृत्त झालो होतो, ही सबब.

माळेगावच्या त्या चार पानांपैकी एक पान परवा वहीत सापडलं. सकाळच्या, रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांचं. त्यातल्या दोन ओळी तेव्हा छापल्या गेल्या नाहीत, म्हणून इथे वाचतो: “दुसरा पोरगा आठ-नऊ वर्षांचा, उजव्या पायात काळा दोरा. चितपट झाला. पण रेवड्या त्याने कुस्तीआधीच खाल्ल्या होत्या, त्यामुळे पंचांची पंचाईत झाली.”