पसंती नेमकी कोणाची?



बाजारात ‘ग्राहकाची पसंती’ असा शब्द चालतो. घरात ही पसंती कोणाची असते, एवढंच आज विचारायचं आहे.

मोबाईलपासून सुरुवात करू. 2007 साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. 2011 मध्ये सॅमसंगने 5.3 इंचांचा गॅलेक्सी नोट काढला, तेव्हा कानाला पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणून लोक हसले होते. आज साडेसहा इंचांचा फोन साधा समजतात. अ‍ॅपलने 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंचांचे मिनी फोन आणले, पुढच्या वर्षी ते मालिकेतून गेले. लहान फोन हवा म्हणणारे पुष्कळ, घेणारे थोडे. (बायकांच्या कुर्त्याला बहुधा खिसाच नसतो, हे आकार ठरवणाऱ्यांना कोणी सांगितलं नसावं.)

यात लोकांचा वेडेपणा नाही. ज्या घरात संगणक नाही, तिथे फोन हाच टीव्ही, बँक आणि शाळा. पडदा मोठा हवाच. पण तो फोन वडिलांच्या नाहीतर भावाच्या खिशात असतो. मुलीच्या हातात येतो रात्री, तोही ‘काय बघतेस?’ या प्रश्नासकट. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखले अपलोड करणं, दहा पानांचा प्रकल्प टाइप करणं, एक्सेल शिकणं... पडदा कितीही मोठा असला तरी फोनवर हे रडतखडतच होतं.

आणि पुष्कळ घरांत माळ्यावर एक संगणक पडून असतो. ‘तो जुना झाला.’ खरंच? 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि साधारण 2018 नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट यंत्रंही एका तारखेला म्हातारी ठरली. सुरक्षेचे अपडेट नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे बरोबर. पण लिनक्स मिंट फुकट मिळतं, चार जीबी रॅमवर चालतं, त्यात लिब्रेऑफिस येतं, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की वेगातला फरक लगेच जाणवतो.

ईदला नवा फोन घ्यायचं ठरलं की हा हिशेब मांडा. फोन थोडा स्वस्तातला घ्या, उरलेल्या पैशांत माळ्यावरचा संगणक दुरुस्त करा. मुलगी अभ्यास करते तिथे ठेवा, पासवर्ड तिचा असू द्या. मुलगी बिघडेल म्हणणारे भेटतील. मुलाच्या फोनचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का, असं त्यांना विचारा.

जास्तीचा संगणक असेल तर भंगारात घालू नका, आपल्या कार्यकर्त्यांकडे द्या. देण्याआधी फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या आणि डिस्क पूर्ण पुसा. नुसतं डिलीट केल्याने फाइल जात नाही.