शाळेचं माहेरपण आणि 75 तास

अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं लाल होऊ लागली की हायस्कुलांमध्ये ‘होमकमिंग’ची गडबड सुरू होते. माजी विद्यार्थ्यांना परत बोलावणारं हे जणू शाळेचं माहेरपण. आठवडाभर रोज निराळा पोशाख, शेवटी सगळे शाळेच्या रंगांत, आणि बहुतेक ठिकाणी शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना. हा फुटबॉल मात्र पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात!

मला त्याहून मोलाचा वाटतो वर्गाच्या कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी अनेक शाळांत मुलं टिकाऊ अन्न गोळा करतात. राजमा, मका, टूना मासा, पीनट बटर. वर्गावर्गांत चुरस लागते. मुदत संपलेले डबे बाजूला काढून बाकीचे फूड बँकेत जातात आणि तिथून गरजू घरांत.

मेरीलँड राज्याने तर 1992 मध्ये सेवेला शिक्षणातच स्थान दिलं. सरकारी हायस्कूल पूर्ण करायला 75 तासांची सेवा, किंवा जिल्ह्याने आखलेला तसाच कार्यक्रम, आवश्यक ठरला. 1997 च्या तुकडीपासून नियम लागू झाला. सक्तीची सेवा कसली, असा आक्षेप घेतला गेला. मला तो अर्धाच पटतो. कारण तिथे नुसते तास भरायचे नसतात; आधी तयारी, मग काम, मग मनन. ओढ्यातला कचरा उचलायचा, तर तेच पाणी पुढे चेसापीक उपसागराला कसं मिळतं हे समजून घ्यायचं, आणि परतल्यावर काय पाहिलं ते लिहून काढायचं.