विद्यापीठाची खुर्ची पोलीस ठाण्यात

नवऱ्यानं मारलं म्हणून एखादी बाई पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा त्याला अटक व्हावी म्हणूनच ती आलेली असते असं नाही. मार थांबावा, एवढं तिला आधी हवं असतं. सासरी अडकलेले दागिने आणि मुलांच्या शाळेचे कागद परत हवे असतात. आज रात्री मुलांना घेऊन झोपायचं कुठे, हेही कुणीतरी सांगायला हवं असतं. ठाण्यावरच्या हवालदारापुढे दुसऱ्या तक्रारींची रांग असते. तो एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतो, 'घरचा मामला आहे, समजुतीनं घ्या' म्हणतो, आणि बाई पुन्हा त्याच घराकडे चालू लागते.

1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं आपल्या समाजकार्यकर्त्या बसवल्या, त्या यासाठी. महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष, अशी त्याची ओळख. छळाविरुद्धचं 498 अ हे कलम आदल्याच वर्षी कायद्यात आलं होतं. पण कलम आलं म्हणून ठाण्यातलं वागणं बदलत नाही. कार्यकर्तीची खुर्ची पोलिसांच्या जागेत, पण तिची नेमणूक संस्थेची, ही रचना मला फार मोलाची वाटते. बाईनं ठाण्यात पाऊल टाकलं की तिचं म्हणणं सलग ऐकून घेणारं माणूस तिथंच असतं. आणि हिंसा हा गुन्हा आहे, घरगुती भांडण नव्हे, हे सासरच्यांना सांगताना त्या माणसाच्या पाठीशी पोलिसांचा अधिकार असतो. स्त्रीधन परत मिळवायचं, निवारा पाहायचा, वकील गाठून द्यायचा, नवऱ्याशी बोलायचं. बोलणं नांदवून घेण्यासाठी नसतं. मारणार नाही, ही पहिली अट ठेवून ते होतं.

आता हे काम विद्यापीठाचं कसं, असं कुणी विचारेल. ही संस्था जन्मली तीच अशा कामातून. क्लिफर्ड मॅनशर्ट नावाचे अमेरिकन मराठी मिशनचे एक पाद्री नागपाड्यात नेबरहुड हाऊस चालवत. गिरणी कामगारांची, दाटीवाटीच्या चाळींची ती वस्ती. 1936 साली समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सर दोराबजी टाटांच्या नावानं उघडली, ती त्याच घरात. दुसऱ्याच वर्षी तिनं मुलांसाठी बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. देवनारचं आवार 1954 साली मिळालं आणि विद्यापीठाचा दर्जा 1964 साली. म्हणजे वस्ती आधी आली, इमारत नंतर, आणि पदवीचा मान सगळ्यात शेवटी. हा क्रम संस्थेच्या हाडात मुरला असावा. इथले विद्यार्थी वर्गाच्या बरोबरीनं क्षेत्रकार्यालाही जातात, आणि अध्यापकांनी उभे केलेले प्रकल्प हीच अनेकदा त्यांची शिकण्याची जागा असते.

'प्रयास' हा असाच एक प्रकल्प, 1990 साली सुरू झालेला. तो तुरुंगात जातो. न्यायाधीशांनी जामीन दिलेला असतो, पण जामीनदार उभा राहायला कुणी नसतं, म्हणून माणूस आतच राहतो. घरी कळवलेलं नसतं. तारीख कधी आहे, वकील कोण, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. कायद्याच्या पुस्तकात हा माणूस सुटलेला आहे. तो बराकीत का आहे, हे विद्यार्थ्याला त्याच्यासमोर बसल्यावर कळतं.

आणि 1098. रस्त्यावरची मुलं रात्री-अपरात्री अडचणीत सापडली की संस्थेतल्या अध्यापिका जेरू बिलिमोरिया यांना घरी फोन करत. एकट्या बाईंनी किती फोन घ्यायचे? त्यातून 1996 साली मुंबईत चाइल्डलाइन उभी राहिली. दस-नौ-आठ, शाळेत न गेलेल्या पोरालाही तोंडपाठ होईल असा आकडा, आणि फोनला पैसे नाहीत. पुढं ती देशभर गेली, तिच्यासाठी वेगळी संस्था निघाली आणि अलीकडे ती सरकारच्या यंत्रणेत सामावली गेली. विशेष कक्षांचंही तसंच. राज्याच्या महिला व बालविकास विभागानं ते स्वीकारले, जिल्ह्याजिल्ह्यांत नेले, इतर राज्यांनीही उचलले.

हे हस्तांतर व्हायलाच हवं. विद्यापीठानं करून दाखवावं आणि सरकारनं सगळ्यांसाठी चालवावं, हे योग्यच आहे. पण एक काळजी मला सतावते. कक्ष वाढतात तेव्हा नोंदवह्या आणि फलक सहज वाढतात. बाईचं म्हणणं तासभर शांतपणे ऐकायची सवय मात्र आदेश काढून पोहोचत नाही. ती जुन्या कार्यकर्तीशेजारी बसूनच नवी शिकते. म्हणून काम सरकारकडे गेल्यावरही विद्यापीठानं प्रशिक्षणातून अंग काढून घेऊ नये, असं मी आग्रहानं म्हणेन.

आपल्याकडे महाविद्यालय आणि गाव यांची गाठ पडते ती बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेत. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ती सुरू झाली. सात दिवसांचं शिबिर, सकाळी श्रमदान, संध्याकाळी व्याख्यान. या शिबिरांनी शहरातल्या किती मुलामुलींना पहिल्यांदा गाव दाखवलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आठव्या दिवशी बस निघते. गावाच्या अडचणीला आठवा दिवस असतो, नववाही असतो. विशेष कक्षातली विद्यार्थिनीही परीक्षा झाली की जाते, मात्र खुर्ची रिकामी होत नाही, कारण तिथं पगारी, कायम येणारी कार्यकर्ती असते. जिल्ह्याच्या महाविद्यालयांना एवढं जमायला काय हवं? एक पगार, एक टेबल, आणि ते ठेवायची नेमकी जागा. ग्रामीण रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, तहसील कचेरीचा व्हरांडा, एसटी स्टँड. लोक जिथं आधीपासूनच येऊन थांबतात, तिथं.

जाता जाता दोन आकडे सांगतो, लिहून ठेवा. एखादं मूल संकटात दिसलं तर 1098. बाईला मदत हवी असेल तर 181. दोन्ही फोन दिवसरात्र लागतात आणि दोन्हींना पैसे पडत नाहीत.